दिग्गीच्या राईची चतुःसीमा

या, असे जवळ सरका. टाळ जरा खाली ठेवा. एक गोष्ट सांगतो. खरी वाटेल, गोड मात्र लागणार नाही.

दिग्गी गावचा झिलू वेळीप गावदेवाचा पुजारी. देवामागच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही, हा तिथला नेम. एका वर्षी जंगलखात्यानं ती राई सरकारी रानात धरली. राई देवाची असल्याचा पुरावा पुढल्या पाडव्यापर्यंत दाखवा, नाहीतर तोड सुरू होईल, असा हुकूम आला. पुरावा होता. देवळात बांबूच्या नळीत जपलेला मोडी कागद, जुन्या राजवटीतला, राजानं राई देवाला दिल्याचा.

त्याच दिवसांत सरकारी दप्तरखान्याचा एक कारकून गाडीवाट संपल्यावर पायी चालत आला. जुने कागद सांभाळून छापायला सरकारनं मदत मंजूर केली होती. माणूस भला. कागद वाचताना त्याचे डोळे भरून आले. वाळवीच्या तोंडी कशाला देता, म्हणाला, आम्ही ग्रंथात छापू. झिलूला वाटलं, सरकारनंच छापलं की सरकारला नाही म्हणता येणार नाही. त्यानं देवापुढं नारळ फोडून कागद दिला. कारकून पावती लिहू लागला, तर झिलूनं त्याचा हात धरला.

"देवाम्होरं दिल्यालं हाय, सायबा. पावती घेतली तर देवावर इश्वास न्हाई, असं व्हतंय."

"देवावर हाय की," त्याची बायको रुक्मा पुटपुटली. "ह्यास्नी कोण वळखतंय?"

कारकुनानं शब्द पाळला. माघात ग्रंथ आला, सोनेरी अक्षरांचा. जोयड्याच्या मास्तरांनी वाचून दाखवला. राजाची सगळी बिरुदं होती, मिती होती, शिक्का होता. राई कुठून कुठवर, तिथं मात्र एकच ओळ: 'पुढे चतुःसीमेचा तपशील, इतिहासदृष्ट्या निरुपयोगी, सबब गाळला.'

जंगलसाहेबानं ग्रंथ चाळून परत दिला आणि मूळ कागद मागितला. मास्तरांनी दप्तरखान्याला अर्ज लिहिला. कारकुनाची बदली झाली होती. उत्तर आलं: पावतीचा क्रमांक कळवावा.

पाडवा झाला. तिसऱ्या दिवशी राईत कुऱ्हाडी लागल्या. झिलू प्रत्येक झाडापाशी जाऊन, ते पडायच्या आधी, त्याच्या पाया पडत राहिला. मजूर हसले, मग हसायचे थांबले, पण तोडायचे काही थांबले नाहीत.

ग्रंथात तो कागद 'एका देवळात सापडला' असं छापलंय. सापडला! म्हणून मागणं एवढंच: गजरात राजांची नावं घ्याल तेव्हा झिलू वेळीपाचीही आठवण ठेवा.