वरच्या मजल्यावरचा काढा

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. आता सासरच कुवेतला असेल तर सासूने काय करायचं? विमानात बसायचं! १९९८च्या डिसेंबरात ओवा, बाळंतशेपा आणि डिंकाचे लाडू घेऊन मी नाशिकहून फहाहीलला पोचले. माझा मुलगा सलील तिथे तेल कंपनीत इंजिनियर. सून मुक्ता.

नात झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर मुक्ताच्या पोटात कळा यायला लागल्या. दुसऱ्या खेपेला त्या जास्तच येतात. मी ओवा-शेपांचा काढा करून दिला, तर हिने तोंड फिरवलं.

"आई, उगाच काहीतरी नको. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात."

बरं बाई, राहिलं! दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची लिन आली. तीही नवऱ्याच्या नोकरीपायी चीनहून आलेली. तिने थर्मासमधून काळं पाणी आणलं होतं. कसल्याशा मुळ्या, भाजलेलं आलं, पीचच्या बिया. म्हणे त्यांच्याकडे बाळंतिणीच्या कळांना हेच देतात. ते मात्र चालणार होतं! मुक्ता म्हणाली, "आई, कपात ओतून आणता का?"

पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरात गेले, ते पाणी सिंकमध्ये ओतलं आणि माझाच काढा काळा गूळ घालून कपात भरून आणला. मुक्ताने तो गटागटा पिऊन टाकला.

"बघा, किती बरं वाटतंय," तासाभराने ती म्हणाली. मी मनातल्या मनात हसले. पुढचे दोन दिवसही लिनने थर्मास आणला आणि मी हेच केलं.

चौथ्या दिवशी लिन थर्मास न घेताच आली. मुक्ताचं पोट दाबून बघितलं, मोडक्या इंग्रजीत बरंच काही विचारलं. तिचा चेहरा उतरला. मुक्ताने मला मराठीत सांगितलं, "ती म्हणते, या काढ्याने रक्ताच्या गाठी पडून जायला हव्या होत्या. तीन दिवसांत एकही नाही, म्हणजे आत काहीतरी अडकलंय. आजच दवाखान्यात जा म्हणते."

अगं, काढा पोटात गेलाच नाही तर गाठी कुठून पडणार! एक वाक्य बोलले असते तर सगळे निवांत झाले असते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सुनेसमोर, त्या परक्या बाईसमोर खोटं उघडं पडणार होतं. सलीलने गाडी काढली. मागच्या सीटवर नातीला मांडीवर घेऊन मी स्वतःलाच शिव्या देत होते. तुझ्या खोटेपणापायी ओल्या बाळंतिणीला गार वाऱ्यात बाहेर काढलंस, भवाने!

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. वारेचा तुकडा आत राहिला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर रक्तस्राव आवरला नसता, असं त्या म्हणाल्या. त्याच दिवशी पिशवी साफ केली.

संध्याकाळी मुक्ता शुद्धीवर आली. सलील फॉर्म भरायला खाली गेला होता. तिने माझा हात धरला.

"लिनच्या काढ्याचे उपकार झाले, आई."

मला हुंदकाच फुटला. "अगं, तो काढा तू प्यायलीच नाहीस! मी तिन्ही दिवस तो ओतून दिला आणि तुला माझाच पाजला. सकाळी खरं बोलले असते तर तुला इथे कुणी आणलंच नसतं, तो तुकडा आत घेऊन तू आत्ता घरी पडून असतीस."

ती हळूच म्हणाली, "मग बोलला का नाहीत?"

"लाज वाटली म्हणून. तुझ्या जिवाचा विचारही मनात आला नव्हता, मुक्ता."

तिने माझा हात सोडला नाही. पण सलील परत येईपर्यंत माझ्याकडे बघितलंही नाही.