चौथा ठोका

मुलगी भांडी घासता घासता गुणगुणत होती आणि आई पलीकडच्या खोलीत उशांना अभ्रे घालत होती. गाणं असं नव्हतंच ते. खालच्या आवाजात चार ठोके, पुन्हा तेच चार ठोके. डम डम डम, आणि मग जरासं थांबून चौथा डम. दर वेळी चौथा मागे राहून येत होता. आईच्या हातातली उशी अर्धी आत, अर्धी बाहेर तशीच राहिली.

"काय म्हणतेयस गं?" तिने दारात येऊन विचारलं.

"लंगडी."

"म्हणजे?"

"आमच्या ग्रुपची लंगडी. नवीन आलेल्याला आधी हीच शिकवतात. आम्ही वाद्यं घेत नाही ना, मग कोणीतरी तोंडानंच ताल धरायचा. चौथा ठोका अडखळत घ्यायचा असतो. माझा एक तर लवकर पडतो, नाहीतर पार घरंगळतो."

मुलगी त्याच वर्षी कॉलेजात गेली होती आणि गेल्या गेल्या तिथल्या गाण्याच्या ग्रुपमध्ये शिरली होती. नुसत्या गळ्यावर गाणारा ग्रुप म्हणून त्याचं बरंच नाव होतं. आईही एके काळी त्याच कॉलेजात होती, पण दुसऱ्याच वर्षी ते सोडून तिने दंततंत्राचा कोर्स केला, एवढंच मुलीला ठाऊक होतं.

आईने आपला डावा हात ओल्या ओट्यावर टेकवला. लहानपणी कपाटाच्या दारात तिची अनामिका चेंगरली होती. बोट वाचलं, पण तेव्हापासून ते जरा सुस्त होतं. बाकीच्या बोटांमागून धावत यायचं आणि नेहमी उशिरा पोचायचं.

"कोणी बसवलं हे?"

"संस्थापकांनी!" मुलीने साबणाचा हात हवेत नाचवला. "तुला माहीत नाही? पंचवीस वर्षांपूर्वी आंतरकॉलेज स्पर्धा होती. तेव्हा ग्रुप कीबोर्डवर गायचा. एक गाणं झालं आणि अचानक लाइट गेली. गुडुप अंधार, कीबोर्ड बंद. दुसरा ग्रुप असता तर गप खाली उतरला असता. पण आपल्या सातजणांनी अंधारात तसंच गायला सुरुवात केली. पहिला नंबर! त्या अंधारात लंगडी सापडली."

"अंधारात," आई म्हणाली.

"पुढच्या शनिवारी रौप्यमहोत्सव आहे. सगळे संस्थापक येणारेत. तू येशील ना?"

आईने मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही.

तो आठवडा तिच्या हातून काही धड झालं नाही. ती एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. खिडकीपाशी तिचं टेबल, समोर मेणाचा दिवा, प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. मऊ गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, वरचा खालच्यावर नीट मिटतो का बघायचं. मंगळवारी तिने एका म्हातारबुवांच्या दाढा अशा बसवल्या, की जबडा मिटला तर पुढचे दात उघडेच. मालकांनी तो हातात घेऊन दोनदा उघडमीट केली.

"बाई, ह्यांना जेवायचंय की नुसतं हसायचंय?"

तिने मेण वितळवून दात काढले आणि नव्याने बसली. पण मन ठिकाणावर नव्हतं. बोटं टेबलाच्या कडेवर ठोके देत होती. ती उठून पाणी प्यायली, खिडकी उघडली, धूळ आली म्हणून लावली, पुन्हा उघडली.

घरी नवरा भूगोलाचे पेपर तपासत होता. "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का?" तो म्हणाला. "या खोलीतून त्या खोलीत चाललंय नुसतं. काही हरवलंय?"

"नाही."

"मग सापडलंय का काही?"

 ती काय सांगणार? त्या दिवशी लाइट गेलीच नव्हती. प्लग तिने उपटला होता.

कीबोर्ड तिचा होता, वाजवायची ती, आणि ग्रुपमध्ये तिला सगळे पेटी म्हणायचे. सातजणांना सात वेगळ्या चाली तिने एकेकाला शेजारी बसवून घोटून घेतल्या होत्या. ज्याला सगळे कप्तान म्हणायचे तो पुढे उभा राहून हात हलवायचा. स्पर्धेच्या दिवशी निवेदकाने मंचावर ग्रुपची नावं वाचली. सात नावं. आठवं आलंच नाही. तिला वाटलं, कप्तान आत्ता माइकपाशी जाईल आणि सांगेल. कप्तानने केस सारखे केले आणि गाणं सुरू करायची खूण केली. तिने पहिलं गाणं वाजवलं. टाळ्या पडल्या. मग ती उठली, भिंतीतला प्लग काढला, कीबोर्ड काखेत मारला आणि बाजूच्या दाराने बाहेर गेली.

बाहेर पायऱ्यांवर ती वाट बघत उभी राहिली. आता गोंधळ होईल, सगळं कोसळेल, कोणीतरी धावत येईल. आधी आत शांतता झाली. मग आवाज आले. एक, मग दोन, मग सगळे. गाणं तिच्याशिवाय उभं राहिलं, चालू लागलं, शेवटपर्यंत गेलं. नंतरच्या टाळ्या आधीपेक्षा मोठ्या होत्या.

नाव न घेतल्याचा राग वर्षभरात निवला. पण आपल्यावाचून त्यांचं काही अडलं नाही, ही गोष्ट तिला आजवर गिळता आली नव्हती. तिने कॉलेज सोडलं आणि कीबोर्ड मावसभावाला देऊन टाकला. लग्न झालं, मूल झालं. त्या स्पर्धेचं काही ती कधी कोणापाशी बोलली नाही.

शनिवारी दुपारी ती सभागृहात मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली. कप्तान मंचावर होता. आता तो विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि डोक्यावर सारखे करण्याइतके केस उरले नव्हते. त्याने अंधाराची गोष्ट अशी रंगवली, की पुढच्या रांगेतल्या मुली श्वास रोखून बसल्या. "शेजारी कोण उभा आहे ते दिसत नव्हतं," तो म्हणाला, "फक्त एकमेकांचा श्वास ऐकू येत होता."

तिला बसवेना. कडेने चालत ती मंचामागे गेली. तिथे मुलीच्या ग्रुपची मुलंमुली पाणी पीत, घसे खाकरत उभी होती. मुलगी तिला बघून हसली. तेवढ्यात टाळ्या घेऊन कप्तान आत आला आणि त्याच्यामागून एक थोराड माणूस. त्याचा खर्ज एवढा खोल होता, की कॉलेजात त्याला भोंगा म्हणत. आता तो गाडी शिकवण्याचा क्लास चालवायचा.

कप्तानला तिला ओळखायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा खुलला. "पेटी! अगं, कुठे होतीस इतकी वर्षं?" आणि लगेच म्हणाला, "त्या स्पर्धेला तू नव्हतीस, नाही? आजारी होतीस बहुतेक."

ठरवून आणलेलं सगळं भांडण तिच्या तोंडातल्या तोंडात विरघळलं.

"मी होते," ती म्हणाली. "लाइट गेली नव्हती. मी प्लग काढला."

कप्तान हसला. तिला गंमत करायची आहे असं त्याला वाटलं. "अगं, अंधार होता! मला आजही दिसतो तो अंधार."

त्याचं तोंड बघून तिला कळलं, की हा खोटं बोलत नाहीये. इतक्या वेळा सांगून सांगून त्याला तो अंधार खरोखरच आठवत होता.

"हिनेच काढला," भोंगा म्हणाला. "मी प्लगच्या शेजारी उभा होतो."

कप्तानचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यात आता कोणी नव्हतं. "मग आजवर बोलला का नाहीस?"

"तू इतकं छान सांगायचास. आणि तिने काढला म्हटलं की का काढला तेही सांगावं लागलं असतं." तो तिच्याकडे वळला. "तू गेलीस आणि मला माझा सूरच सापडेना. डोक्यात काहीच नव्हतं. तुझा डावा हात तेवढा वाजत होता, महिनाभर शेजारी बसून ऐकलेला. मग तोच गायला लागलो. तुझं ते बोट उशिरा पडायचं, तसाच ठोका उशिरा दिला. बाकीचे त्यावर चढले."

तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. 

"आई," मागून मुलगी म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. "तू कार्यक्रम चालू असताना उठून गेलीस?"

"माझं नाव घेतलं नव्हतं."

"ते वाईटच केलं त्यांनी. पण समोर माणसं बसलेली असताना? मधेच?" मुलीचा चेहरा लाल झाला होता. "आमच्यातलं कोणी असं गेलं असतं ना, तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं."

निवेदकाने ग्रुपचं नाव पुकारलं. मुलगी वळून बाकीच्यांबरोबर मंचावर गेली.

आई पडद्याच्या कडेला उभी राहिली. निघून जावंसं तिला वाटलं. दार चार पावलांवर होतं. एका उंच मुलाने ठोके धरले आणि चौथा बरोबर तितकाच मागे राहिला. मग वरचे आवाज आले. मुलगी मधल्या ओळीत होती, भुवया आक्रसून ऐकत. भोंगा शेजारी येऊन उभा राहिला आणि ओठांतल्या ओठांत तेच ठोके घेऊ लागला. ती गाणं संपेपर्यंत थांबली. थांबणं सोपं गेलं नाही.

घरी जाताना दोघी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही मुलगी हो-नाहीपुरतंच बोलली. आईने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. त्याने पेन खाली ठेवून ऐकलं आणि एवढंच विचारलं, "कीबोर्ड जड होता का गं?" तेव्हा तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं.

सोमवारी कप्तानचा फोन आला. तो एकसारखा माफी मागत होता. संस्थापकांच्या यादीत आठवं नाव घालायला सांगतो, पुढच्या समारंभात स्वतः सांगतो, म्हणाला.

"घाल," ती म्हणाली. "पण अंधार काढू नकोस रे. मुलांना आवडतो."

संध्याकाळी ती मुलीला म्हणाली, "तो चौथा ठोका तुम्ही सरळ करून टाका. चूक आहे ती. माझं बोट अधू आहे म्हणून तसा पडायचा."

"नाही करणार," मुलगी म्हणाली. "इतकी मुलं रडून रडून ते शिकलीत. ते आता तुझं राहिलेलं नाही."

 मुलीने थोडा वेळ कपाच्या कानाशी चाळा केला आणि विचारलं, "त्या स्पर्धेसाठी आणखी काही बसवलं होतंस?"

"एक होतं. वेळ पुरला नाही. शिकवायचं राहिलं."

"येतं अजून?"

"बघायला पाहिजे."

रविवारी ग्रुपची मुलंमुली घरी आली. नवरा पेपरांचा गठ्ठा घेऊन आतल्या खोलीत गेला. खुर्च्या पुरेनात म्हणून काहीजण जमिनीवर टेकले. आईने खालच्या आवाजापासून सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की मनात वर्षानुवर्षं सुंदर वाटत आलेली ही चाल मधेच चांगलीच पोकळ आहे. तिने ती तिथल्या तिथे बदलली. मुलं चुकली. तिने पुन्हा बदलली. उंच मुलगा म्हणाला, "काकू, आत्ताच वेगळं सांगितलंत."

"आत्ता चुकीचं सांगितलं. आता हे."

ती बसली, उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. मुलगी मधल्या ओळीत सूर शोधत होती आणि सापडत नव्हता. आईने तिच्या कानाशी वाकून तो गाऊन दाखवला. वरच्या पट्टीत तिचा आवाज चिरकला. कोणीतरी खुदकन हसलं, मुलीने त्याला कोपराने ढोसलं.

"पुन्हा," आई म्हणाली. "पहिल्यापासून."