आईचा ट्रॅक्टर

शेडमधला छोटा, गंजलेला बागेचा ट्रॅक्टर भंगारात द्यायचं मुलाने परस्पर ठरवलं. "आई, या वयात तो दुरुस्त करायचं खूळ कशाला?"

"मग मलाही घाल भंगारात!" म्हणत आईने शेडची किल्ली कमरेला खोचली.

जुन्या ट्रॅक्टरांचं वेड असलेल्या मंडळींना तिने फोन लावला. निवृत्त बसमेकॅनिक कार्ब्युरेटर घेऊन आला. एका शिंप्याने स्वतःच्या ट्रॅक्टरचा पट्टा काढून दिला.

"तुम्ही बसा, आम्ही बघतो," मेकॅनिक म्हणाला.

"बसायचंच असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" तिने त्याच्या हातातला पाना घेतला.

चौथ्या रविवारी इंजिन खोकलं आणि धूर ओकत धडधडू लागलं. मुलगा धावत आला. "आई, उतर, पडशील!"

"पडले तर उठेन!" ती ओरडली आणि गिअर टाकून गुडघाभर गवतात घुसली.