रेड्याचा मागचा भाग

व्यसनमुक्तीच्या नाटकात मला रेड्याचा मागचा भाग मिळाला. पुढचा चैतरामला, कारण त्याचे मामा यमराज होते.

कोहमाऱ्याजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या मैदानावर, भर दुपारी प्रयोग. गोष्ट सोपी: नववीतला लोकेश बाटली एका दमात रिकामी करतो, मरतो, यमराज त्याला घेऊन जातो. बाटलीत साधं पाणी. मोहाची दारूही तशीच दिसते, त्यामुळे सोय झाली होती.

त्याच सकाळी लोकेशच्या आईने, कलाबाईने, बायका घेऊन नाल्यावरची भट्टी फोडली होती. पुराव्याची एक भरलेली बाटली तिने सुरक्षित जागी ठेवली. म्हणजे नाटकाच्या सामानात.

पडद्यामागे आमचा रेडा उभा होता. शेपटीच्या भोकातून मला पोलीस पाटील सेवकराम दिसले. त्यांनी पुराव्याचं बूच काढलं, वास घेतला, परत घेतला, मग कर्तव्य म्हणून घोटभर चाखली.

"हे तं पानी होय गा!"

माझे पाय गार पडले. रेड्याचेही.

"चैतराम, चाल! लोकेशजवळ खरी दारू आहे!"

"आपली एन्ट्री नाई आली. तो मेल्याबिगर जाता येत नाई."

मी जोर लावला. शिवण उसवली आणि मागचा भाग एकटाच स्टेजवर धावला. मैदान हसून लोळलं. लोकेशने बूच काढलं होतं.

"पी ना बे! एका दमात!" त्याच्या वर्गातली पोरं ओरडत होती.

"लोक्या, खरी आहे ते. पिऊ नोको," मी कातड्यातून कुजबुजलो.

"वास आला मले," तो हळूच म्हणाला. "पन सारे पाहून राहिले ना दादा."

बाटली ओठांना लागली. माझे हात कातड्यात शिवलेले. लाथ मारायला गेलो, तोल गेला आणि चारशे माणसांसमोर उताणा पडलो. शेपूट तोंडावर.

पोरं माझ्याकडे बोट दाखवून हसत होती. लोकेश माझ्याकडे बघत राहिला. साऱ्यांसमोर याहून वाईट काही दिसू शकत नाही, हे त्याला तेव्हा पटलं असावं. त्याने बाटली मातीत उलटी केली.

"मी नाई पेत."

मोहाचा वास पहिल्या रांगेपर्यंत गेला. कलाबाई उभी राहिली. हसणं थांबलं.

तेवढ्यात यमराज चैतरामच्या पाठीवर बसून आत आले. मेलेलं कोणीच नव्हतं.

"मंग मी कायले आलो?"

कलाबाईने पोराकडे पाहिलं, मग यमाकडे.

"आला तसाच जाय वापस!"

यमराज अर्ध्या रेड्यावर परत गेले.