तारेनं कळवू नका

माझा नवरा हार्टविग लुडेके मोठा माणूस झाला, हे मला मान्य आहे. जमिनीत पुरलेली निरोपाची तार नेमकी कुठे बिघडली, ते दोन्ही टोकांकडून वीज मोजून, कुदळ न लावता सांगणारा आमच्या मुलखात तोच पहिला. पार पीटर्सबर्गहून त्याला बोलावणी यायची. फक्त त्याची सख्खी आई त्याच्याशी बोलत नसे, आणि मी तिला दोष देत नाही.

आम्ही माळावरच्या एकाच गावातले. सासूबाई मधमाश्या पाळायच्या. त्यांच्या धाकट्या मुलानं, टिलोनं, पोळ्यात हात घातला तरी माशी चावायची नाही, इतका हलका हात. रेल्वेच्या कडेनं तार पुरायचं काम मिळालं तेव्हा हार्टविगनं सांधे जोडायला त्यालाच नेलं. पाणी लागू नये म्हणून तारेवर झाडाच्या चिकाचं वेष्टण असे. सांध्यावर तो चीक गरम करून बसवायचा, निवेपर्यंत थांबायचं, मग माती लोटायची. प्रत्येकानं आपल्या सांध्याला आपल्या रंगाचा दोरा बांधायचा, हा नियम हार्टविगचाच. टिलोचा दोरा हिरवा होता.

राजाच्या वाढदिवसाला तार सुरू व्हायलाच हवी होती. जेवताना टिलो म्हणाला, "दादा, जमीन गोठलीय. चीक बसतच नाही, तडकतो. थंडी सरू दे."

"मग राजाला सांगू का, आमच्या टिलोसाठी वाढदिवस पुढे ढकला म्हणून?"

"नाहीतर नुसतं मेणाचं फडकं गुंडाळावं लागेल."

"काय हवं ते गुंडाळ. पण बुजव एकदाचं!"

टिलो हसला. "वहिनी, ऐकलंस ना? साक्षीदार आहेस हं."

वाढदिवस थाटात झाला आणि हार्टविगच्या छातीवर पदक लागलं. पुढच्या शरद ऋतूत सांध्यात पाणी शिरलं. गाडी निघाल्याचा निरोप पुढच्या स्टेशनात पोचलाच नाही आणि धुक्यात दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. मेलेल्यांत आमच्या पाववाल्याच्या दोन मुली होत्या.

चौकशी बसली. हार्टविगच्या कोटाची बटणं लावताना मी म्हटलं, "उंदरांनी कुरतडली म्हण. उंदरांना कोणी तुरुंगात टाकत नाही."

"मोजमाप खोटं सांगू? मग उद्या माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?"

त्यानं नकाशावर बोट ठेवलं. तिथे खणलं, तर मेणाचं फडकं आणि वर हिरवा दोरा. साहेबलोकांनी वाहवा केली. एकच वाक्य सांगायचं उरलं होतं, आणि तिथे माझा नवरा मूग गिळून बसला. टिलोनंही दादाचं नाव घेतलं नाही. साक्ष द्यायला मी स्वतः चौकशीच्या कारकुनाकडे गेले. नवऱ्याविरुद्ध बायकोची साक्ष चालत नाही म्हणाला.

घरी आल्यावर मी भडकले. "जागा सांगितलीस. घाई कोणाची होती, ते कोण सांगणार?"

"ते मला कोणी विचारलं नाही," तो म्हणाला.

हे त्याचं उत्तर मी सासूबाईंना जसंच्या तसं जाऊन सांगितलं.

टिलोला शिक्षा झाली आणि तुरुंगातच तो खोकून खोकून गेला. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की मधमाश्यांना सांगतात. नाही सांगितलं तर त्या घर सोडतात. सासूबाई एकेका पोळ्याच्या गवती टोपलीवर टिचकी मारत होत्या. "टिलो गेला ग बायांनो." मागून हार्टविगनं हाक मारली, "आई!" त्या पुढच्या पोळ्याकडे सरकल्या.

वर्षं गेली. आम्ही शहरात राहायला गेलो. आईची खुशाली कळावी म्हणून हार्टविगनं गावच्या स्टेशनात स्वतःच्या खर्चानं तारयंत्र बसवून दिलं. सासूबाईंनी त्या बाजूला पाऊल टाकलं नाही. त्यांची खबर मला गावाकडून अंडी घेऊन येणाऱ्या गेशाकडूनच मिळायची.

एकदा आम्ही न्याहारीला बसलो असताना ती आली. नेहमीप्रमाणे मी विचारलं, "सासूबाई कशा आहेत?"

गेशानं टोपली खाली ठेवली. "गेल्या हो, बाई. गेल्या रविवारी माती दिली."

मला रडू फुटलं. हार्टविग खुर्ची ढकलून उठला. "स्टेशनात तार आहे! मी बसवलीय! मला का नाही कळवलं?"

"म्हातारीनंच बजावलं होतं, साहेब. आधी माश्यांना सांगा. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना. सुनेला सांगा, पण तिनं विचारलं की."

"आणि मला?"

गेशा टोपलीतली अंडी काढून ठेवू लागली. मग म्हणाली, "तुम्हालाही तसंच, साहेब. विचारलंत तर सांगायचं. पण तुम्ही कधी विचारलंच नाहीत."