अंगावरच्या ड्युट्या

“आठ,” फुलसिंग म्हणाला आणि त्याने कॅल्क्युलेटर सरिताकडे वळवला. “वर्षाच्या पंधरा रजा. तू ऑगस्टच्या शेवटी चालली, म्हंजे आठ महिन्यांच्या झाल्या दहा. त्यातल्या घेतल्या दोन. राह्यल्या आठ. तेवढ्या दिवसांचा पगार जादा भेटते तुले.”

सरिता त्या आकड्याकडे बघत राहिली.

फुलसिंगला वाटले, तिला हिशेब समजला नाही. अकोल्याकडच्या मालेगावातल्या त्या खासगी प्रसूतिगृहाचा तो मॅनेजर, कॅशियर आणि लाइट गेली की जनरेटर सुरू करणाराही होता. पण मनातून स्वतःला तो रजांचा जाणकार समजत असे. त्याने उदाहरण दिले. मागच्या वर्षी लॅबमधल्या राजूने होळीपर्यंतच वर्षभराच्या रजा उडवल्या. जूनमध्ये दुसरीकडे नोकरी लागली म्हणून मोठ्या तोऱ्यात सोडायला आला, तर शेवटच्या पगारातून उलटी कपात झाली. वर्ष मधातच सोडले की रजाही तेवढ्याच पुरत्या आपल्या, हे माणसाला नेमके सोडतानाच कळते.

“लोकं जातानी देऊन जातात,” फुलसिंग खुशीत म्हणाला. “तू घेऊन चालली, माय.”

आत ड्युटी रूममध्ये दुसरी सिस्टर, साधनाताई, गॉजच्या घड्या घालत बसली होती. तिने मान वर केली नाही. फक्त घड्या घालणारे हात थांबले. सरिताने कॅल्क्युलेटर फुलसिंगकडे परत सरकवला.

त्या दवाखान्यात रजांचे दोन हिशेब चालत. एक फुलसिंगच्या मस्टरवरचा, जो मॅडम, म्हणजे दवाखान्याच्या मालकीण डॉक्टर, बघायच्या. दुसरा कुठेच लिहिलेला नव्हता. दवाखान्याला सिस्टर दोनच, आणि दोघींच्या घरची दुखणी-खुपणी मात्र पंधरा रजांत मावणारी नव्हती. शेतात सावड करतात, आज तू माझ्या वावरात ये, उद्या मी तुझ्या वावरात येतो, तशी या दोघींनी ड्युट्यांची सावड केली होती. एकीची अडचण निघाली की दुसरीने स्वतःची ड्युटी संपवून तिचीही करायची, आणि मस्टरवर दोघींच्या सह्या झालेल्या. मॅडमना राउंडच्या वेळी पांढरा ड्रेस दिसला की पुरे असायचे. आत बाळंतीण कोणती हे त्या आवाजावरून ओळखत, सिस्टर कोणती हे बघत नसत. फुलसिंगला सगळे माहीत होते. पण जे माहीत असायचे त्यातले निम्मे माहीत नसल्यासारखे वागण्यावरच त्याची नोकरी इतकी वर्षे टिकली होती.

मार्चमध्ये सरिताच्या आईचे, रुख्मिणीबाईचे, पोटाचे ऑपरेशन झाले. सरिता गावी, किन्हीराजाला, आईच्या उशाशी, आणि तिच्या जागी साधनाताई. ओळीने डबल ड्युट्या करून तिचे पाय इतके सुजले की घरी जाताना चपलेचा पट्टा बसेना. सरिता परत आली तेव्हा तिला बोलायला जमले नव्हते. तुमच्या ड्युट्या माझ्या अंगावर आहेत, एवढेच म्हणाली होती.

“राहू दे अंगावर,” साधनाताई म्हणाली होती. “मले लागतीन तवा काढून घेईन.”

कधी लागतील तेही ठरलेले होते. साधनाताईची मुलगी वैभवी गरोदर होती. बीपी सारखे चढत होते. मॅडमनीच तपासून सांगितले होते की ही डिलिव्हरी आपल्याकडे नको, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात करा. तारीख डिसेंबरची. साधनाताईच्या स्वतःच्या रजा वैभवीला अकोल्याला दाखवून आणण्यातच संपत आल्या होत्या. जानेवारी असता तर नव्या रजा लागल्या असत्या. पण लेकरू काही कॅलेंडर पाहून येत नाही. अर्ध्या तालुक्याची बाळंतपणे जिच्या हाताखालून गेली, तिला स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणाला उभे राहायचे होते, आणि त्यासाठीचे दिवस तिने सरिताजवळ ठेवले होते. बँकेत ठेवावे तसे, किंबहुना जास्त भरवशाने.

इथपर्यंत सगळे सरळ होते. अडचण निघाली, सरिताला दुसरीकडे नोकरी लागली, मधातच जावे लागले. लाजेची गोष्ट असली तरी पापाची नव्हती. पण मध्ये जुलै होता.

जुलैमध्ये सरिताने आणखी तीन ड्युट्या मागितल्या होत्या. आईचे टाके दुखत आहेत म्हणाली. साधनाताईने जास्त काही विचारले नाही. उलट दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू करून आणले. लग्नातला स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेला, त्यात भरून दिले. बाई उठून बसली पाहिजे, म्हणाली. तो डबा घेऊन सरिता किन्हीराजाला गेलीच नाही. अमरावतीच्या गाडीत बसली. सरकारी आरोग्यसेविकेच्या भरतीत तिचे नाव लागले होते आणि कागदपत्रे दाखवायला बोलावले होते. ऑर्डर हाती पडेपर्यंत दवाखान्यात कळू द्यायचे नाही, असे तिने ठरवले होते. मॅडमनी दुसरी सिस्टर आणली आणि तिकडेही नाव कटले तर? विचार शहाणपणाचा होता. साधनाताईला सांगितले असते तर तिने कोणाला सांगितले नसते, हेही तिला माहीत होते. तरी नाही सांगितले. अमरावतीच्या स्टँडवर भूक लागली तेव्हा डबा उघडला. माणसाला लाज वाटत असली तरी भूक लागते. लाडू चांगले झाले होते.

निरोपाचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी, ओपीडी संपल्यावर झाला. मॅडमनी शाल दिली. रुख्मिणीबाई पोरीचा मान पाहायला किन्हीराजाहून आली होती; नवे लुगडे, हातात काठी नाही, चेहऱ्यावर तजेला. आल्या आल्या तिने सगळ्यांना जयभीम घातला आणि मॅडमच्या समोरची खुर्ची नको म्हणत बाकावर बसली.

मॅडम मोजकेच बोलत, पण त्या दिवशी जरा जास्त बोलल्या. आईचे ऑपरेशन असूनही सरिताने या वर्षी दोनच रजा घेतल्या, असे त्यांनी नव्या सिस्टरकडे पाहून सांगितले. ही रिसोडची मुलगी कालच लागली होती. तिने लगेच मान डोलावली. कामावर निष्ठा म्हणजे काय ते हिच्याकडून शिका, मॅडम म्हणाल्या. फुलसिंग छताच्या पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

“मॅडम, त्या रजा…” सरिताने तोंड उघडले.

“पह्यले पाया पड मॅडमच्या,” साधनाताई मधेच म्हणाली. “बोलजो मंग.”

खरे बोलावे तर मस्टरवरच्या खोट्या सह्या बाहेर येणार, आणि सरिता उद्या इथे नसणार. राहणार साधनाताई. म्हणजे खरे बोलायची सोयही सरिताजवळ उरलेली नव्हती. ती वाकली. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चहा आला. साधनाताई बशी घेऊन रुख्मिणीबाईच्या शेजारी बसली. तिला घरचे कोणी भेटले की तब्येत विचारायची सवय होती, इतकेच.

“आता बरं हाय न, बाई? आखाडात लय तरास झाला म्हणे तुमाले. टाके दुखले.”

“आखाडात?” रुख्मिणीबाईने जुलैचे दिवस आठवून पाहिले. “नाई व. आखाडात त मी निंदाले जाऊन राह्यली होती सोयाबीनात. हे पोरगी नोको म्हणे. पन हे कुठं होती तवा? हे त अमरावतीले गेलती, कागद दाखवाले.”

ती सहज बोलली आणि चहा फुंकू लागली. पोरीची नोकरी ही तिच्यासाठी लपवायची गोष्टच नव्हती. साधनाताईने बशी खाली ठेवली. आतला चहा हललाही नाही, इतकी हळू ठेवली.

“लाडू पोचले होते काय?” तिने विचारले. हे रुख्मिणीबाईला विचारले, पण पाहत होती सरिताकडे.

“कोनते लाडू?” रुख्मिणीबाई म्हणाली.

संध्याकाळी सरिताने पाकीट आणले. फुलसिंगकडून मिळालेला आठ दिवसांचा पगार, पाकीट न उघडलेले. साधनाताई मेडशीला घरी जायला निघाली होती, चप्पल घालत होती.

“ताई, हे तुमचे आहेत.”

“माहे कायचे? मस्टरवर तुह्या हायेत.” ती खाली वाकून पट्टा लावत राहिली. “मी तुले पैसे उसने देले होते काय? म्या दिवस देले होते. पैशानं मले कोन सुटी देते डिसेंबरात?”

“मी सांगायला पाहिजे होतं.”

“सांगतलं असतं त मी नाई म्हटली असती काय?” आता ती उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता. “माय बिमार हाय म्हनून सांगतलं तू. त्या बाईच्या नावानं मी डिंक तळला.”

मेडशीची गाडी लागली होती. ती गेली. सरिताने पाकीट पर्समध्ये परत ठेवले आणि मग तिच्या लक्षात आले की साधनाताईने डबा मागितलाच नाही. मागितला असता तर बरे झाले असते.

नवी नोकरी मेळघाटातल्या एका उपकेंद्रावर होती. सरिता कामाला चांगली होतीच. तिथल्या बायकांनी तिला महिनाभरात आपली केली. डबा तिने मांडणीवर सगळ्यात मागे ठेवला होता. त्यात काही भरावे असे वाटायचे नाही आणि नजरेआड करावा असेही नाही.

डिसेंबरात फुलसिंगचा फोन आला. पीएफच्या कागदावर सही राहिली आहे म्हणाला. हा माणूस फोनवरही कागदाशिवाय बोलू शकत नसे. मग इकडचे तिकडचे झाले आणि शेवटी जाता जाता म्हणाल्यासारखे म्हणाला, की साधनाच्या पोरीले अकोल्याले भरती केली. बीपी लय हाय. साधनानं सुटी मागितली, पण नवी पोरगी एकटीनं डिलिव्हरी करू शकत नाई, अन् मॅडम म्हणतात मी दवाखाना कोनाच्या भरवशावर उघडा ठेवू. त्यायचंही चूक नाई.

“पीएफची सही कुठं करायची आहे?” सरिताने विचारले.

“ते होऊन जाईन,” फुलसिंग म्हणाला आणि फोन ठेवला.

सरिताने तिच्या साहेबांकडे अर्ज दिला. साहेबांनी रजिस्टर पाहून सांगितले, की तुम्ही सप्टेंबरात रुजू झाल्या, म्हणजे वर्षाच्या रजा तुम्हाला पूर्ण लागू नाहीत. आल्यापासूनच्या हिशेबाने या वर्षाला तीनच बसतात. एकदम संपवाल तर पुढे अडचण येईल. सरिताला ते गणित तोंडपाठ होते. तिने तिन्ही मागितल्या.

सकाळी ती मालेगावला उतरली तेव्हा दवाखान्याचे शटर अर्धे वर होते. फुलसिंगने तिला पाहिले आणि काही न विचारता बाजूला झाला. मॅडम राउंड संपवून येत होत्या. त्यांनी सरिताच्या पांढऱ्या ड्रेसकडे पाहिले, मग फुलसिंगकडे. फुलसिंगने पंख्याकडे पाहिले.

“रजेवर आहे, मॅडम,” सरिता म्हणाली. “पगार नको. साधनाताईची ड्युटी करते.”

मॅडमनी चष्मा काढला. त्या दिवशी शाल देताना त्या काय काय बोलल्या होत्या ते त्यांना आठवत असावे. चष्मा पुसत त्या केबिनमध्ये गेल्या आणि दार लावून घेतले. नाही म्हणाल्या नाहीत.

साधनाताई वॉर्डच्या टोकाशी होती. डोळे जागरणाने लाल. सरिताने डबा पुढे केला. रात्री किन्हीराजाला उतरून, आईला जागवून दोघींनी लाडू वळले होते. बाळंतिणीचे, मेथी घातलेले.

“किती दिवस?” साधनाताईने विचारले.

“तीनच लागू झाल्या, ताई.”

“बरं.”

तिने डबा हातात घेतला. भरलेला आहे हे वजनावरून कळत होते. उघडून पाहिले नाही, पिशवीत ठेवला. सरिताकडे पाहिलेही नाही. मग ड्युटी बदलताना रोज देतात तसा तिने चार्ज दिला, एकेका खाटेजवळ थांबून.

“दोन नंबरचे टाके उद्या काढाचे. तीन नंबरचं लेकरू दूध ओढत नाई, पन मायले दटावू नोको, रडते.” चार नंबरपाशी ती जरा जास्त थांबली. खाटेवर एक पोरसवदा बाई पोट धरून कुशीवर पडली होती. “हे पह्यलटकरीन हाय. हिची माय अजून यायची हाय गावाहून. लय भेते. तिच्याजवळ बसजो.”

“हो, ताई.”

साधनाताई जिना उतरून गेली. सरिताने स्टूल ओढला आणि त्या बाईचा हात हातात घेतला. खिडकीखालच्या रस्त्यावरून अकोला गाडी निघाली. साधनाताई पुढच्या सीटवर होती, मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. तिने वर पाहिले नाही.

कळ ओसरली तशी खाटेवरच्या बाईने डोळे उघडले.

“तुमी इथल्याच काय, सिस्टर?”

“नाही,” सरिता म्हणाली. “मी साधनाताईच्या जागी.”