सासूबाईंचं मत

सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण घरात कोणी नाक मुरडलं तरी त्यांना बरोब्बर कळायचं. मतदानाला सोबत मुलगा नको, सूनच हवी, असं त्यांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं आणि सून पेचात पडली. तिचा सख्खा धाकटा भाऊ निवडणुकीला उभा होता ना! निशाणी होडी. बातमी कळताच तो संध्याकाळी हजर.

"ताई, म्हातारीला कुठे दिसतंय? बटण तूच दाबणार."

"चल, काहीतरीच तुझं," ती म्हणाली खरी, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मतदान शाळेच्या वर्गात होतं. सासूबाईंचं मत कोणाला सांगणार नाही, अशा कागदावर कारकुनाने तिची सही घेतली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे सासूबाई तिच्या कानाशी लागल्या.

"छत्री."

झालं! तिचं बोट तर आधीच होडीवर गेलेलं. दाबलं असतं तर सासूबाईंना जन्मात कळलं नसतं. महिनाभर बोलून बोलून बसलेला भावाचा आवाज तिला आठवला आणि जीव तुटला. सासूबाई मात्र निवांत उभ्या होत्या. तिने छत्रीचं बटण दाबलं.

घरी येताना तिने विचारलं, "आई, यांना का नाही नेलंत?"

"तो गुणाचा आहे गं, पण माझ्या चहात साखरसुद्धा स्वतःच्या मनाने घालतो. तू विचारून घालतेस."

सुनेला भर रस्त्यात रडू आलं.

दोन दिवसांनी निकाल लागला. भाऊ पडला. तोंड एवढंसं करून स्वयंपाकघरात येऊन बसला.

"ताई, तुझं तरी मत मला होतं ना?"

"माझं तुलाच."

"आणि म्हातारीचं?"

तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. "ते मी सांगायचं नसतं. त्यांचं त्यांना विचार."

त्याचा चेहरा पडला. ताटाला हातही न लावता उठला. आता हा दार आपटून जाणार, असं तिला वाटलं. पण तो आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन घुटमळला.

"मावशी, माझ्यात काय कमी होतं?"

सासूबाईंनी आवाजाच्या रोखाने मान वळवली. "महिनाभर या दारावरून जात होतास बाबा. मला काही विचारायला आज पहिल्यांदा आलास." त्यांनी पलंगावर थोडं सरकून त्याला जागा केली. "बस. सांगते."